डाव्या हाताचं बोट

वेल्बी, नेब्रास्का
१२ मे १९९७

वेंडल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फेकून देऊ नकोस. निदान आईची खबर वाच आणि मग फेक.

आईची तब्येत ठीक आहे, डोळ्यांचं मात्र कठीण झालंय. उजव्यानं काहीच दिसत नाही आणि डाव्यानं समोर माणूस आहे की कपाट आहे एवढंच कळतं. जिभेला मात्र काही झालेलं नाही. परवा पाद्रीबुवा आले तर त्यांना म्हणाली, "कपाटा, बस की रे." त्यांचा आवाज ऐकून म्हणाली, म्हणजे मुद्दामच. ते बिचारे उभेच राहिले.

मी अजून शाळेच्या स्वयंपाकघरातच आहे. दर गुरुवारी राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल, तीनशे पोरांचे. ग्लेन गेला हे आईनं तुला कळवलं असेलच. गेला म्हणजे मेला नाही, घटस्फोट घेऊन लिंकनला गेला. बॅट सोडून आता ट्रॅक्टर विकतो. माझी डार्ला सप्टेंबरात दहाची होईल. मामा कसा दिसतो असं विचारते तेव्हा मी तिला तुझं ते पत्त्याएवढं छापील बेसबॉल कार्ड दाखवते. त्यात तुला मिशा आहेत.

आता मुद्द्याचं. बाबा गेले तेव्हा फोनवर मी तुला जे बोलले, ते बोलायला नको होतं. तू मोठ्या लीगमध्ये पोचून नऊ दिवस झाले होते. एकतीस वर्षांचा होतास. मी म्हटलं, "बॉल टाकायला जागा मिळाली म्हणून बापाला खांदा द्यायला सवड नाही होय तुला?" तू फोन ठेवलास आणि सहा वर्षं उचलला नाहीस. त्याच आठवड्यात तुला परत खालच्या लीगमध्ये पाठवलं हे मी पेपरात वाचलं. वाचून मी रडले होते. हे तुला ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून लिहिते.

ओमाहाच्या पेपरात आलंय की तू आता बफेलोला आहेस आणि ही तुझी अकरावी टीम. जूनमध्ये तुमची टीम ओमाहाला येणार आहे. आईनं ते वेळापत्रक फ्रिजवर लावून घेतलंय. तिला ते वाचता येत नाही, तरी काढू देत नाही.

लोरीन

२३ जून १९९७

वेंडल,

मी आले होते. तिसऱ्या बेसच्या बाजूला, अकराव्या रांगेत, पिवळी टोपी. हाक मारली नाही. मारली असती तर तू वळला नसतास आणि मग दोन तासांची परतीची गाडी चालवणं मला जड गेलं असतं.

सातव्या इनिंगला, तू हात गरम करत होतास त्या बुलपेनचं दार उघडलं आणि तू धावत आलास. अजून तस्साच धावतोस, बाबांनी जेवायला हाक मारल्यासारखा. केस कमी झालेत. गुडघ्याला काय झालंय रे? उजवा जरा ओढतोस.

पहिले दोन चेंडू जोरात टाकलेस, छान गेले. मग तुझा तो हळू चेंडू टाकलास, म्हातारी. बाबांनी तिचं नाव किती नेमकं ठेवलं होतं, नाही? तुझ्या हातून सुटायची ती वाऱ्यावरच्या म्हातारीसारखी, रमतगमत, आणि बॅटर बिचारा आधीच बॅट फिरवून मोकळा. शेडच्या मागे मी पोटाला उशी बांधून बसायचे आणि तू टाकायचास. "कॅचरबाई, उशी वर घ्या, दात सांभाळा!" तू नऊचा, मी बाराची. दिवसाला शंभर शंभर चेंडू धरलेत मी तुझे. तुझा हात माझ्याइतका कुणीही बघितलेला नाही.

त्या दिवशी त्यांनी म्हातारी तीनदा हाणली. तिन्ही वेळा बॅटर तिची वाट बघत उभा होता. त्यांच्या बाकावर हशा चालला होता. तू मान खाली घालून बाहेर गेलास तेव्हा शेजारचा माणूस बिअर पीत म्हणाला, "संपलाय बिचारा." त्याला मी म्हटलं, "तुझी बिअर संपलीय, जा, दुसरी आण."

वेंडल, माझं एक ऐक. म्हातारीला महिनाभर विश्रांती दे. नुसते जोरात टाक. का ते विचारू नकोस. लांबून बघणाऱ्याला कधी कधी जास्त दिसतं, एवढंच समज.

आईला सांगितलं की तू छान टाकलेस. तिनं विचारलं, "मग आवाज का असा तुझा?"

लोरीन

१५ जुलै १९९७

वेंडल,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. सहा वर्षांनी तुझं अक्षर. मी ते आधी आईला वाचून दाखवलं, मग न्हाणीघरात जाऊन एकटीनं वाचलं.

"कॅचरबाई, मी सदतीसचा आहे आणि माझा जोर केव्हाच गेला. म्हातारी काढून घेतलीस तर माझ्यापाशी राहतं काय, मिशा? त्याही काढल्या. तुम्ही आपलं स्वयंपाकघर सांभाळा." हे वाचून हसले. पण खालच्या दोन ओळींनी माझं हसू पळालं. सप्टेंबरात वर मोठ्या लीगमध्ये माणसं वाढवतात तेव्हा कदाचित तुला घेतील, ऑगस्ट धड गेला तर. आणि तुमचा तो पिचिंगचा कोच, ब्रूडर, म्हणतो की म्हातारी हाणली जाते कारण हात फार वरून येतो, तो आणखी खाली आण.

आणू नकोस. हात जोडते, वेंडल. तुझ्या हातात काही खोट नाही. एकोणनव्वदमध्ये असाच कुणी शहाणा भेटला, त्यानं तुझा हात फिरवला. मग खांदा दुखायला लागला. चौऱ्याण्णवमध्ये डॉक्टरांनी चिरला. त्याआधी पण नव्हती खोट, आताही नाही. सदतिसाव्या वर्षी तो खांदा पुन्हा वाकवलास तर फाटेल आणि मग सप्टेंबर नाही, काहीच नाही.

तू म्हणशील हिला इतकं कसं ठाऊक. ग्लेन पूर्वी बोलायचा. बॅटर लोक आपसात काय काय बोलतात ते त्याच्या तोंडून ऐकलंय. तू तुझा हात आहे तसा ठेव, बाकीचं मी नंतर लिहीन. काकड्या बरण्यांत भरायच्या आहेत आणि व्हिनेगर उकळतंय.

हे वरचं वाचलं. व्हिनेगर काही उकळत नाहीये. मला लिहायचं धैर्य होत नाहीये, हे खरं.

लोरीन

६ ऑगस्ट १९९७

वेंडल,

बफेलोला फोन करून विचारलं. ऑफिसातली बाई म्हणाली, तू दोन सामने खेळला नाहीस, खांदा शेकतोयस. म्हणजे तू हात खाली आणलास. आता मी थांबले तर माझ्यासारखी नीच मीच.

म्हातारी टाकण्याआधी तुझं बोट उभं राहतं.

डाव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं, जे तू ग्लोव्हच्या बाहेर ठेवतोस. जोरातल्या चेंडूला ते चामड्यावर निपचित पडलेलं असतं. म्हातारीसाठी तू चेंडू तळहातात खोल सरकवतोस, तेव्हा डावा हात ताणला जातो आणि ते बोट उठतं. चार बोटं निजलेली आणि एक जागं. नऊ वर्षांचा होतास तेव्हापासून. बोट दिसलं की मी उशी वर घ्यायचे. तुला कधी सांगितलं नाही, कारण तुझा चेंडू बघितल्याशिवाय ओळखते म्हणून तू मला मानायचास, आणि तेव्हा मला मानणारं घरात दुसरं कुणी नव्हतं.

चामड्याची एक टोपी घे आणि ग्लोव्हच्या त्या बोटावर शिवून टाक. घोड्याचं जीन दुरुस्त करणारा कुणीही अर्ध्या तासात करून देईल. किंवा ते बोट आत घाल. तुझ्या म्हातारीला दुसरं काहीही झालेलं नाही.

हे सांगायला मला दहा वर्षं लागली. कारण मी ते दुसऱ्याला आधी सांगितलं.

जुलै सत्त्याऐंशी, विचिटा. ग्लेनला तिथल्या टीमनं रविवारी काढायचं ठरवलं होतं, त्यानं दाराआडून ऐकलं होतं. बावीस वेळा बॅट घेऊन उभा राहिला होता आणि एकदाही चेंडू लागला नव्हता. मला सातवा महिना. आम्ही त्या भाड्याच्या खोलीत होतो, दुपारची वेळ, पंखा बंद पडलेला. ग्लेन पलंगाच्या कडेला बसून लहान मुलासारखा रडत होता. त्याला मी तोवर रडताना पाहिलं नव्हतं.

"उद्या तुझा भाऊ येणार टाकायला," तो म्हणाला. "तू त्याचे चेंडू धरलेस. काहीतरी असेलच ना गं. एकदाच. एका चेंडूपुरतं."

"माझा भाऊ आहे तो."

"आणि मी कोण? आणि हे?" त्यानं माझ्या पोटावर हात ठेवला.

मी सांगितलं. एवढंच म्हटलं, "कुणाला बोलशील तर बघ." त्यानं बायबलावर हात ठेवला. बायबल त्या खोलीचंच होतं, टेबलाच्या खणातलं.

पुढचं तुला ठाऊक आहे. आठवी इनिंग, दोघं बेसवर, तू म्हातारी टाकलीस आणि ग्लेननं ती उजव्या कुंपणापलीकडच्या गाड्यांवर घातली. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते. दुसऱ्या दिवशी तू आमच्याकडे जेवायला आलास. दारातूनच ओरडलास, "अगं, काय हाणला तुझ्या नवऱ्यानं! असा नवरा माझ्यावर सोडतेस होय, कॅचरबाई?" आणि ग्लेनला मिठी मारलीस. तो तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता. मी बटाटे वाढत राहिले.

ग्लेनची नोकरी त्यानं वाचली ती जेमतेम वर्षभर. ते बोट मात्र राहिलं. त्यानं खोलीतल्या सोबत्याला सांगितलं, सोबत्याला दुसऱ्या टीमनं घेतलं, त्यानं तिथे सांगितलं. हे मला घटस्फोटाच्या वेळी कळलं, त्र्याण्णवमध्ये. ग्लेन वकिलाच्या ऑफिसबाहेर म्हणाला, "मला एकट्याला काय बोलतेस? तुझ्या भावाचं बोट अख्ख्या लीगला ठाऊक आहे."

मी विचारलं, "मग त्याच्या टीमच्या पोरांनाही ठाऊक असेल. ती त्याला सांगत का नाहीत?"

तो हसला. "कोण सांगेल? वेंडल आज सोबत आहे, उद्या त्याला दुसरीकडे पाठवतील, परवा तो समोर उभा असेल आणि मला पोट आहे. एका जागी टिकला असता तर कुणीतरी सांगितलं असतं. दरवर्षी टीम बदलणाऱ्याला असलं काही कुणी सांगत नाही. रीतच आहे ती."

म्हणजे त्र्याण्णवपासून मला सगळंच ठाऊक होतं. चौऱ्याण्णवमध्ये तुझा खांदा चिरला तेव्हाही. आपण बोलत नाही, असं मी स्वतःला सांगत होते. तुझ्यावर रागावलेली बहीण होणं मला सोपं गेलं. बाबांच्या वेळी मी जे ओरडले त्यातही हेच होतं, वेंडल. तुझा काही गुन्हा सापडावा अशी माझी धडपड होती.

आणि एक गोष्ट आहे. ती लिहिली नाही तर वरचं सगळं खोटं. विचिटाला आल्या आल्या तू मला फोन केला होतास. म्हणालास, "उद्या मोठ्या लीगचा माणूस मला बघायला येतोय. कुणाला बोलू नकोस, नजर लागेल." ग्लेनला सांगताना ते माझ्या ध्यानात होतं. विसरले नव्हते.

माफी मागत नाही, मागायला तोंड नाही. फक्त ते बोट झाक.

लोरीन

८ सप्टेंबर १९९७

वेंडल! वेंडल! वेंडल!

शिकागोचं स्टेशन लागलं! आईनंच लावलं, कान लावून, खरखर बाजूला सारत सारत. दुपारचा सामना म्हणून मी शाळेतून पळून आले. बटाट्यांची अर्धी पोती सोलायची तशीच टाकून.

त्या रेडिओवाल्यानं तुझं आडनाव तीन वेळा तीन तऱ्हांनी म्हटलं. आई ओरडली, "कोव्हारिक! कोव्हारिक, गाढवा!" मग म्हणाला, "सदतीस वर्षांचा आहे, सहा वर्षांनी मोठ्या लीगमध्ये परत." आई रेडिओजवळ सरकली. मी तिचा हात धरला. तीन बॅटर, अकरा चेंडू. तिघेही हात हलवत परत! शेवटच्यानं तर हवेत अशी बॅट फिरवली म्हणे की हेल्मेट पडलं. रेडिओवाला म्हणाला, "हा चेंडू कुठून आणला या माणसानं? यापूर्वी कुठे होता हा?"

आई रडायला लागली. म्हणाली, "हे त्यांनी ऐकायला हवं होतं." बाबांबद्दल म्हणाली. मला वाटतं ऐकलं असेल.

आता तू लिहिलं नाहीस तरी चालेल. नाही, चालणार नाही. एक ओळ लिही. हंगाम संपला की ये. डार्लाला मी सांगून ठेवलंय की मामाच्या मिशा गेल्या. आईनं तुझी खोली झाडून घ्यायला लावलीय आणि स्वतः कपाटावर आपटली. मी खसखस भरलेले गोड कोलाचे भाजीन, तू वीस खा.

तुझी कॅचरबाई

३० सप्टेंबर १९९७

लोरीन,

तुझं ऑगस्टचं पत्र मी सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत वाचलं. आधी हसलो. वाटलं बाई भ्रमली. मग आमच्या कॅचरकडे गेलो. ओर्टेगा नाव त्याचं, म्हातारा आहे माझ्यासारखाच, तीन टीममध्ये आम्ही बरोबर होतो. मी विचारलं, "माझं बोट उभं राहतं?" त्यानं बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. म्हणाला, "मला वाटलं तुला कधीतरी कळेल." मी म्हटलं, "तीन टीम, ओर्टेगा." तो म्हणाला, "मधल्या दोन वर्षांत तू समोर होतास. मलाही घर आहे, वेंडल." असाच धंदा आहे आमचा.

टोपी शिवून घेतली. तपकिरी चामडं, काळा दोरा. त्यानंतर काय झालं ते तू पेपरात वाचलंस, रेडिओवर ऐकलंस. वर बोलावलं. सहा वेळा बुलपेनमधून आलो, नऊ इनिंगा.

ब्रूडरचं ऐकून हात खाली आणला होता, तेव्हाच खांद्यात काहीतरी तुटलं होतं. शेवटचे दोन सामने मी दात खाऊन टाकले. काल डॉक्टरनं सांगितलं की आता चेंडू सोड, नाहीतर मुलीला उचलून घ्यायचा हातही राहणार नाही. मला मुलगी नाही. त्याला काय ठाऊक. म्हणजे माझं झालं. आईला हे मी स्वतः फोन करून सांगणार आहे, तू सांगू नकोस.

आता तुझ्याबद्दल. पत्र वाचलं त्या दिवशीच मी ठरवलं होतं की तुला माफ करायचं. खरं सांगतो. मी ओळखतो ना तुला. सातवा महिना, तो रडणारा ग्लेन, ती उकाड्याची खोली, मी असतो तर मीही सांगितलं असतं बहुतेक. पत्रसुद्धा मनात तयार होतं. त्यात लिहिणार होतो, "लोरीन, त्या बोटाबिटाचं काही नाही गं, मी मुळातच इतपतच होतो. ते झाकलं तरी हाणतातच." एवढं लिहिलं की तू सुटलीस आणि मीही सुटलो. दहा वर्षं, अकरा टीम, खांदा, बाबा, सगळं आपल्या नशिबावर घालून दोघं मोकळे.

त्यासाठी मला फक्त एकानं हाणायला हवं होतं. प्रत्येक वेळी टोपीखालचं बोट सांभाळत म्हातारी टाकायचो आणि वाट बघायचो. सत्तेचाळीस वेळा टाकली. हे आकडे ते लोक लिहून ठेवतात, मी मागून घेतले. जगातले उत्तम बॅटर होते समोर, ज्यांची नावं डार्लाही सांगेल. आता हाणेल, हा तरी हाणेल, असं म्हणत होतो. शिकागोला त्या तिसऱ्याचं हेल्मेट पडलं ना, सगळं मैदान हसत होतं. मी मात्र तिथे उभा राहून त्याच्या नावानं मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

मी घरी येणार नाही. आईला लुईव्हिलला माझ्याकडे आणीन थोडे दिवस, तिकीट पाठवतो, तिला गाडीत तेवढं बसवून दे.

कुणीच हाणली नाही, लोरीन. एकानंही नाही.

वेंडल